मे महिन्यात गावात पोट्ट्यांसाठी आणि मोठ्यांसाठी कार्यक्रम: कधी, कुठे, कसे?

गाव-वाचनालय

नमस्कार मंडळी. आमचं गाव नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातलं. वाचनालयातर्फे 1 मे ते 10 जून उन्हाळी कार्यक्रम घ्यायचे ठरतंय. 8 ते 15 वयाचे 40-50 पोट्टे-पोट्ट्या आणि संध्याकाळी मोठी माणसं धरून दीडशे जण होतील. हाताशी स्लॅबचं समाजमंदिर आहे, त्यात दोन कूलर. शाळेचं मुरमाड पटांगण आहे, गावाला लागून मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि दीड-दोन किलोमीटरवर जंगल लागतं. ब्रह्मपुरीचा पारा कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे त्याहून कमी नसतो.

विचारायचं हे की दिवसाच्या वेळा कशा लावाव्यात? झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक मे महिन्यात आणता येईल का? नसेल तर मोठ्यांसाठी काय ठेवावं? पटांगणात पडद्यावर काही दाखवायचं असेल तर काय सामान लागतं? आणि पोट्ट्यांना जंगलात न्यावं का? पैसा थोडा आहे, हात भरपूर आहेत.

मंडपवाला

आधी घड्याळ ठरवा, कार्यक्रम नंतर. तुमच्याकडे मेअखेरीस सूर्य साडेपाचला उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो. मैदानी जे असेल ते सकाळी पावणेसहा ते साडेआठ. पुढं साडेदहापर्यंत समाजमंदिरात बसून करायचं: चित्रं, वाचन, गाणं. साडेदहाला पोट्टे घराकडे निघालेच पाहिजेत. हॉल थंड आहे म्हणून दुपारी दोनला बोलावण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. हॉल थंड असतो, हॉलपर्यंतचा रस्ता नसतो, आणि अनवाणी धावत येणारी दोन-चार पोरं असतातच.

दुपारसाठी घरी करायचं काम द्या. अष्टाचंग सगळ्यात सोपं. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट आखायचा आणि चार चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे करायचे. पांढरे जितके वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चंग म्हणजे 4, एकही पांढरा नाही तर अष्टा म्हणजे 8. आजी-आजोबांना नियम पाठ असतात, ते आपोआप सामील होतात. शनिवारी सकाळी हॉलमध्ये सामने लावा.

कूलरबद्दल नीट ऐका, कारण स्लॅबच्या हॉलमध्ये इथंच बिघडतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. त्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर अर्ध्या तासात हॉल दमट होतो, घाम सुकत नाही आणि सगळे म्हणतात कूलर चालत नाही. कूलर खिडकीत बसवा, पाठ बाहेर, तोंड आत, आणि समोरच्या भिंतीच्या खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवा. गवत मागच्या वर्षीचं असेल तर बदला; आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसून ते दगडासारखं होतं, मग पाणी कडेनं वाहतं आणि मधला भाग कोरडाच राहतो. टाकीतलं पाणी दोन दिवसांत एकदा पूर्ण सोडून द्या, नाहीतर वास येतो आणि डास होतात. जून लागला, हवेत ओल आली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

आणि कूलरचा करंट. दर उन्हाळ्यात विदर्भात यानं माणसं जातात. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्या. हॉलच्या सगळ्या खर्चात हा खर्च पहिला. लोखंडी बॉडीला पोट्ट्यांचा हात लागू नये म्हणून पुढं बाकं आडवी लावा.

संध्याकाळी बसायला समाजमंदिराची गच्ची किंवा समोरचा सिमेंटचा रस्ता घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत आग ओकत असतो. मुरमाड पटांगण त्यापेक्षा लवकर निवतं. साडेपाचला सडा मारा, हजार चौरस फुटांना 200 लिटरचा एक ड्रम पुरतो, साडेसहाला पुन्हा अर्धा ड्रम. एकाच वेळी जास्त ओतलं तर चिखल होतो आणि सतरंज्या भिजतात. पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीला पाठ लावून माणसं बसवू नका, ती भिंत सगळ्यात तापलेली असते.

आता पडदा. दीडशे माणसांना 10 फूट रुंद पडदा लागतो. पांढरी जाड मांजरपाट चालेल, पण मागून काळं कापड जोडा, नाहीतर प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकं दिसतं. चारही बाजूंना नाडी बांधून बांबूच्या चौकटीत ताणा. मे महिन्यात संध्याकाळी वावधान, म्हणजे सोसाट्याचा वारा, उठतं, तेव्हा खालची कड मोकळी सोडलीत तर पडदा शिडासारखा फुगून बांबू उखडतो. चौकटीला मागं दोन आणि पुढं दोन असे ताण द्या, खुंट्या दीड फूट आत. आभाळ भरून आलं तर पहिलं काम पडदा उतरवणं, दुसरं वीज तोडणं.

प्रोजेक्टर 3000 ल्युमेन किंवा वरचा, आणि सव्वासातच्या आधी सुरू करू नका, संधिप्रकाशात काही दिसत नाही. बहुतेक प्रोजेक्टर भोवतालचं तापमान 35 ते 40 अंशांपर्यंतच सहन करतात. आपल्याकडे रात्री आठलाही पारा तिथं असतो, त्यामुळं मधेच मशीन बंद पडते आणि लोक म्हणतात भाड्यानं खराब दिली. मशीन जमिनीवर नको, तीन फूट उंच स्टुलावर, बाजूनं टेबलफॅनची हवा. कूलरची हवा थेट सोडू नका, ओल आत जाते. दुपारी मशीन पिकअपमध्ये किंवा पत्र्याखाली ठेवू नका. दिवा असलेली मशीन असेल तर सोबत यूपीएस हवाच, कारण लाइट अचानक गेली की आतला पंखा थांबतो, दिवा गरमच राहतो आणि फुटतो.

किडे तिकडं ओढले जावेत म्हणून पडद्यापासून 40 फुटांवर एक पांढरा बल्ब लावा आणि त्याखाली पाण्याची परात ठेवा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या निघतात, त्या दिवशी कार्यक्रम रद्दच करा.

सिनेमा दाखवायचा तर हक्क असणाऱ्याची परवानगी लागते. घरच्या मोबाईलवरचं सबस्क्रिप्शन गावाला दाखवायला चालत नाही. आणि लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद, हा 2000 सालचा नियम आहे. पोलीस ठाण्यात अर्ज आधी देऊन ठेवा.

खंजिरी

झाडीपट्टीच्या नाटकाचं स्पष्टच सांगते: मे महिन्यात विसरा. हंगाम भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, सुरू होतो आणि होळीच्या आगेमागे आटोपतो. धान घरात आलेलं असतं, शंकरपट (बैलांच्या शर्यती) असतो, पाहुणे असतात, तेव्हा रात्रभर नाटक चालतं. उन्हाळ्यात वडसा-देसाईगंजची नाटक मंडळांची ऑफिसं थंड असतात, कलाकार तेंदूपत्ता तोडायला किंवा शेतीच्या कामाला लागलेले असतात.

पण हेच तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. हंगामात ज्या कलाकाराची एक रात्र मिळत नाही, तो मेमध्ये गावात असतो. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं, पण ही कला जगते ती तुमच्या-माझ्या गावातल्या नटांवर, पेटी-तबलावाल्यांवर. आजूबाजूच्या चार गावांत चौकशी करा, नाटकात काम केलेलं माणूस सापडतंच. त्यांना दहा दिवसांसाठी बोलवा, रोज सकाळी साडेआठ ते दहा, मानधन आधी ठरवून. पहिले तीन दिवस नुसता आवाज: माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवायचा, वाक्याचा शेवट कसा गिळायचा नाही. पुढचे पाच दिवस दंडारीचा, म्हणजे इथल्या लोकनाट्याचा, एक छोटा प्रसंग, वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. शेवटचे दोन दिवस वाद्यांसोबत. मुलांची पाठांतरं पक्की नसतात म्हणून एकाला पुस्तक घेऊन विंगेत बसवायचंच, त्यात कमीपणा नाही.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी सहज जमतात. एक खडी गंमत. उभ्यानं सादर होते म्हणूनच ती खडी, तिला स्टेज लागत नाही. पटांगणात मधे 15 बाय 15 फुटांची जागा सोडा, तीन बाजूंनी लोक, एका बाजूला वाद्यं. डफ, ढोलकी, तुणतुणं, टाळ, शाहीर आणि त्याच्या मागून सूर धरणारे झीलकरी. पारंपरिक खेळ पहाटेपर्यंत चालायचा. माइक लावणार असाल तर आता दहाच्या आत बसवावा लागेल. म्हणून पार्टीला आधीच सांगा की गण, एक लावणी, एक सवाल-जवाब आणि एक वग एवढंच करा, नाहीतर वग अर्ध्यात राहतो आणि मंडळी रुसतात.

दुसरी, खंजिरी भजन. तुकडोजी महाराजांच्या भजनांची मंडळं आपल्याकडे गावोगाव आहेत, खर्च काहीच नाही. मुलांना खंजिरी शिकवायची तर हातात बसणारी, सात-आठ इंची घ्या. घोरपडीच्या कातड्याची खंजिरी कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते गुन्ह्यात येतं. बकऱ्याचं कातडं किंवा फायबर चालतं.

आता उन्हाळ्यात वाद्यांचं काय होतं ते सांगते, कारण कार्यक्रमाच्या अर्ध्या तासाआधी हेच रडगाणं असतं. कोरड्या हवेत कातडं आकसतं. थंडीत डफ शेकोटीवर धरून तापवावा लागतो, मेमध्ये उलटं: तो आधीच इतका ताणलेला असतो की आवाज टणटण येतो आणि जोरात थाप मारली की कडेला चीर जाते. खंजिरी चढली, म्हणजे ताणून सूर वर गेला, असेल तर कातड्याच्या आतल्या बाजूनं ओलं बोट गोल फिरवा, चार-पाच थेंब बस, मग दोन मिनिटं थांबून वाजवून पहा. पुन्हा चढली की पुन्हा तेच. ढोलकी-तबल्याला हा प्रयोग करू नका, शाईवर, म्हणजे कातड्यावरच्या काळ्या गोलावर, पाणी लागलं की ती फुगते आणि खपली पडते. त्यांना जाड सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, शेजारी ओलं पोतं टांगा, आणि वाजवायच्या आधी ताण थोडा उतरवून घ्या. पेटी मोटारीत ठेवून कुठं जाऊ नका. भात्याचं सरस सुटतं, मग हवा गळते आणि सूर दम टाकतो.

एक मंडपवाल्या भाऊंना: कूलर चालू असताना हॉलमध्ये वाद्यं लावून घेऊ नका. आत ओल्या हवेत लावलेलं वाद्य बाहेर कोरड्या पटांगणात नेलं की पंधरा मिनिटांत चढतं. जिथं वाजवायचं तिथंच अर्धा तास उघडं ठेवून मग लावा.

मंडपवाला

हे बरोबर आहे ताई. लोक माइकला दोष देतात आणि चूक तिथं असते.

उत्तर-ध्रुव

पोट्ट्यांसाठी मे महिन्यात आभाळाइतकं स्वस्त काही नाही. दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. नागभीड-ब्रह्मपुरीला हे साधारण 23 मे ला दुपारी 12 वाजून 7-8 मिनिटांनी होतं. इतरांसाठी: चंद्रपूर 20 मे, यवतमाळ 22, वर्धा 24, अमरावती 25, नागपूर-भंडारा 26, गोंदिया 28. जितकं उत्तरेला तितकं उशिरा. दुसऱ्यांदा हे जुलैच्या मध्यानंतर होतं, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात, म्हणून मे सोडू नका.

लागतं काय: एक फूट लांबीचा, दोन इंची पीव्हीसी पाइपाचा सरळ कापलेला तुकडा, पांढरा कागद चिकटवलेला पाट, गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ. पाट पाणसळीनं सपाट करा, नजरेवर विश्वास ठेवू नका. पाइप ओळंब्यानं उभा करा. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण आणि वेळ लिहा. सावली पूर्वेकडं सरकताना आखूड होत जाते, नाहीशी होते आणि मग पूर्वेला वाढू लागते. वहीवर पहिली खूण पश्चिमेला येईल, शेवटची पूर्वेला. त्या क्षणी पाइपातून ऊन थेट खालच्या कागदावर गोल पडतं. पोट्टे तो गोल बघायला झुंबड करतात, म्हणून चार-पाच पाइप ठेवा.

तारखेपेक्षा वेळ नाजूक आहे हे लक्षात घ्या. एक दिवस चुकला तर फूटभर पाइपाची सावली जेमतेम एक मिलिमीटर पडते, डोळ्याला कळतही नाही. पण चार मिनिटं चुकलीत तर पाच मिलिमीटर सरकते. म्हणजे 23 ला ढग आले तर 24 ला करा, पण घड्याळ मोबाईलशी जुळवून ठेवा. पाइप तिरका असेल तर मात्र कुठल्याच दिवशी सावली शून्य होत नाही. फसलेल्या प्रयोगांत बहुतेक वेळा दोष ओळंब्याचा असतो.

हे ऐन दुपारी आहे, 25 मे ला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या दोन दिवस आधी. म्हणून उन्हात फक्त पाट आणि पाइप. पोट्टे शाळेच्या व्हरांड्यात किंवा निंबाखाली, पाच-पाच जण दोन मिनिटांसाठी पुढं, डोक्याला शेला, पायात चप्पल. वर सूर्याकडं कुणी बघणार नाही, हे आधी तीनदा सांगा.

दुसरी, तारे. वैशाखी अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री घ्या. मे मध्याला रात्री नऊला उत्तरेकडं सप्तर्षी उंचावर असतात. त्यांच्या चौकोनातल्या, शेपटाच्या विरुद्ध बाजूच्या दोन ताऱ्यांना जोडून रेघ पुढं पाचपट वाढवली की ध्रुव. हात ताठ करून मूठ डोळ्यासमोर धरली की ती साधारण दहा अंश भरते. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. सप्तर्षींच्या शेपटाची कमान तशीच पुढं नेली की नारिंगी स्वाती, आणखी पुढं चित्रा. स्वाती अकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते.

मग सगळ्यांना दक्षिणेकडं वळवा. नऊच्या आसपास क्षितिजापासून एक मूठ वर त्रिशंकू उभा असतो, चार ताऱ्यांचा पतंग. त्याच्या डावीकडं दोन ठळक तारे. दिल्लीच्या मुलांना हा जवळपास दिसत नाही, तुमच्या पोट्ट्यांना तलावाच्या पाळीवरून दिसतो. अट एवढीच की दक्षिणेला झाडी आणि दिवे नकोत. मेमध्ये क्षितिजावर धूळ असते. वळीव पडून गेल्यावरची दुसरी रात्र सगळ्यात स्वच्छ. टॉर्चला लाल पतंगी कागद बांधा आणि मोबाईल गोळा करून ठेवा, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की नजर पुन्हा बसायला वीस मिनिटं जातात.

गाव-वाचनालय

मंडळी, फार उपयोगी पडलं. आरसीसीबीचं काम लगेच काढतो. आता जंगल आणि तलावाचं कुणी सांगा. पाळीवर रात्री पोट्टे न्यायचे तर जनावराची भीती आहे का?

पाणवठा

भीती आहे, म्हणून पाळीवर रात्री नेऊ नका. उत्तर-ध्रुव दादा, माफ करा, पण ब्रह्मपुरी वनविभागात वाघ अभयारण्याबाहेर, गावाच्या शिवारात फिरतात. मेमध्ये नाले आटलेले असतात, तुमचा मामा तलाव हाच त्यांचाही पाणवठा. तारे शाळेच्या पटांगणातून दाखवा. त्रिशंकूसाठी दक्षिण मोकळी नसेल तर शाळेच्या गच्चीवर दहा-दहा जणांना चढवा, तेवढ्यापुरता स्लॅबचा चटका सोसेल. कठडा नसेल तर तेही नको.

जंगलाबद्दल दोन शब्दांत: नेऊ नका. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटे वाकून पानं तोडणाऱ्या माणसांवर हल्ले होतात ते याच दिवसांत. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, आणि लहान पोर तर नाहीच. ताडोब्याची सफारी करायची तर एका जिप्सीत सहा जण, म्हणजे पन्नास पोरांना आठ-नऊ जिप्सी. तुमच्या खर्चात बसणार नाही. कुणाला घरच्यांसोबत जायचंच असेल तर कोअर (जंगलाचा आतला गाभा) मंगळवारी बंद असतं आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पूर्ण बंद.

मोठ्यांसाठी एक गोष्ट आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देतो, त्याला निसर्ग अनुभव म्हणतात. आधी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क असतं, जागा झटकन भरतात. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं, मधे खाली उतरता येत नाही. मळखाऊ रंगाचे कपडे, अत्तर-पावडर नाही, कुरकुरणाऱ्या पुड्या नाहीत, डबा कापडात बांधलेला, तीन लिटर पाणी. खोकला असलेल्यानं जाऊ नये, एका ढासेनं पाणवठा रिकामा होतो. वाघाची खरी मोजणी आता कॅमेऱ्यांनी, देशभर चार वर्षांतून एकदा होते. मचाणावरची नोंद हा अनुभव आहे, पण ती प्रामाणिकपणे लिहा.

तलाव मात्र सोडू नका, दिवसा न्या. सकाळी सहा ते साडेसात. सहाच्या आधी नाही, झुंजुमुंजू उजेडात जनावर पाण्यावर असू शकतं. पुढं-मागं दोन-दोन मोठी माणसं, मधे पोट्टे, बोलत-बोलत जायचं. पूर्वेच्या काठावर बसा आणि पश्चिमेकडं बघा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. उलट बसलात तर सगळं काळंच दिसेल. 8 बाय 40 ची एक दुर्बीण आठ जणांना पुरते. पाणी आटल्यामुळं पक्षी एका जागी गोळा झालेले असतात: जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, बगळे, खंड्या, आणि गोगलगायी-शिंपले खाणारा उघड्या चोचीचा करकोचा. पोट्ट्यांना त्याची चोच नीट बघायला लावा, मिटली तरी मधे फट राहते.

आणि टिटवी. ती घरटं बांधत नाही, उघड्या मुरमावर खळग्यात चार अंडी घालते. अंड्यांची टोकं आत, मधल्या बाजूला वळलेली, आणि रंग इतका मुरमासारखा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजा अंडी जवळ आहेत: जागीच थांबायचं, आल्या पावली परत. तिला जास्त वेळ उठवून ठेवलं तर ऊन चढल्यावर अंडी शिजू शकतात. या दिवसांत सकाळी पावशा पक्षीही बोलतो, पेरते व्हा, पेरते व्हा. पुढं मेअखेर-जूनला नवरंग पक्षी येतो. आवाज ऐकून वहीत तारीख लिहायची सवय लावा, दहा वर्षांनी गावाची स्वतःची नोंद तयार होईल, आणि ती दुसरीकडे कुठंच मिळणार नाही.

काठावर एक धोका वाघापेक्षा मोठा आहे. आटलेल्या तलावाचा गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि खाली गुडघाभर, कमरेएवढा चिखल असतो. गाळ काढलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पाण्याच्या कडेपासून वीस फुटांवर चुन्याची रेघ मारा, रेघेपलीकडं कुणी नाही. पोहणं तर नाहीच.

गावची-आशा

तब्येतीचं मी सांगते. कार्यक्रमाला प्रत्येक पोरानं पाण्याची बाटली आणावी आणि दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांनी प्यावं, तहान लागायची वाट बघू नका. ओआरएसची दहा पाकिटं उपकेंद्रातून घेऊन ठेवा. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून उपयोग नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान पोराला अपाय होतो, चव आसवांपेक्षा खारट लागली तर फेकून द्या.

पोर सुस्त झालं, डोकं दुखतं म्हणालं, ओकारी आली तर सावलीत झोपवा, पाय वर, कपडे सैल, थोडं-थोडं पाणी. पण अंग तापलेलं, बरळतंय किंवा हाक मारून ओ देत नाही असं दिसलं तर ते उष्माघात आहे, मग घाम असो नसो. लगेच 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत पंखा घालत राहा; मान, काखा, जांघा इथं ओली फडकी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, त्यानं हा ताप उतरत नाही. कांदा खिशात ठेवायची रीत आहे तर असू द्या, पण त्याच्या भरवशावर शेला घरी ठेवू नका.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला सरबताऐवजी ज्वारीची आंबील करा. पन्नास ग्लासांना अर्धा किलो ज्वारीचं पीठ लागतं. सकाळी दहा-अकराला ते एक लिटर ताकात गुठळी न राहता कालवून मातीच्या भांड्यात झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांत आंबतं. आदल्या रात्री भिजवलंत तर इतकं आंबट होतं की पोट्टे तोंड वाकडं करतात. चारला पाच लिटर पाणी उकळून त्यात हे पीठ ढवळत सोडा, दहा-बारा मिनिटं शिजवा, हात थांबवू नका, तळाला धरतं. पूर्ण गार झाल्यावर दीड लिटर ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेला लसूण. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. माठात भरून वर ओलं फडकं बांधा. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, त्याच रात्री वाटून संपवा.